धावताना मांडी बधिर होते, मुंग्या येतात: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी डॉक्टर नाही. पुण्यात राहते, वय ४८, आठवड्यातून चार दिवस धावते, कधी तळजाईवर, कधी विद्यापीठाच्या आवारात. दोन वर्षांपूर्वी माझ्या उजव्या मांडीचा बाहेरच्या बाजूचा तळहाताएवढा भाग बधिर झाला. कारण सापडायलाच तीन महिने गेले. तेव्हापासून आमच्या ग्रुपमध्ये कुणाच्या मांडीला जरा चुणचुण झाली की मला फोन येतो. फोनवर तेच तेच सांगण्यापेक्षा एकदा लिहून ठेवावं म्हटलं. वैद्यकीय भाग मला तपासणाऱ्या न्यूरॉलॉजिस्टनी आणि फिजिओथेरपिस्टनी समजावला तसा लिहिलाय. अनुभव आणि शेरेबाजी माझी.

नेमकं होतं काय? मुंग्या येतात, दुखतं की बधिर होतं?

तिन्ही, आलटून पालटून. मला पहिल्यांदा कळलं ते अंघोळ करताना. तांब्याने पाणी घेतलं, डाव्या मांडीला चटका बसला आणि उजव्या मांडीवर तेच पाणी कोमट लागलं. आधी वाटलं पाणीच नीट मिसळलं नसेल. पुन्हा घेतलं, पुन्हा तेच. मग नखाने ओरखडून पाहिलं, तर मधोमध एक भाग असा की तिथे नख फिरतंय हे डोळ्यांना दिसत होतं, मांडीला कळत नव्हतं. दाताच्या डॉक्टरांनी इंजेक्शन दिल्यावर ओठ आपला वाटत नाही ना, तसंच.

धावताना चित्र वेगळं. पहिले तीनचार किलोमीटर काही नाही. मग झिणझिण्या, मग मिरची लागल्यासारखी आग. थांबून कट्ट्यावर बसलं की पाचदहा मिनिटांत ओसरायची. घरी ओट्यापाशी बराच वेळ उभं राहिलं तरी तीच तऱ्हा. काही जणांना बधिरपणा कमी आणि झोंबणं जास्त असतं, इतकं की पँटचं कापड घासलेलंही सहन होत नाही. एकाच जागी स्पर्श कळतही नाही आणि सोसवतही नाही, हे ऐकायला विचित्र वाटतं, पण चिडलेल्या नसेचं वागणं असंच असतं.

हे कशामुळे होतं?

कारणं बरीच असू शकतात, त्यांची यादी पुढे येईल. पण मांडीच्या बाहेरच्या आणि थोड्या पुढच्या बाजूला, गुडघ्याच्या वरच थांबणारा बधिरपणा, आणि पायातली ताकद मात्र शाबूत, असा मामला असेल तर डॉक्टरांच्या मनात पहिलं नाव येतं ते मेराल्जिया पॅरेस्थेटिका.

कंबरेवर हात ठेवून उभे राहा. पुढच्या बाजूला बोटांच्या टोकांना कमरेच्या हाडाचं एक टोक लागेल. त्या टोकापासून जांघेकडे तिरका उतरणारा एक चिवट पट्टा असतो, इंग्वायनल लिगामेंट. पाठीच्या खालच्या भागातल्या दुसऱ्या आणि तिसऱ्या मणक्यांपाशी उगम पावलेली एक बारीक नस पोटाच्या आतून, स्नायूंवरून प्रवास करत येते आणि साधारण या हाडाच्या टोकाजवळून, पट्ट्याखालून मांडीत शिरते. शिरताना तिला चांगलंच वळण घ्यावं लागतं. काहींच्या शरीरात ती पट्ट्याखालून न जाता त्याच्या आरपार जाते, काहींच्यात थेट हाडावरून. म्हणजे मुळातच अडचणीची जागा, त्यात बाहेरून दाब आला की नस चेपते.

ही नस फक्त बातमी आणते, हुकूम नेत नाही. मांडीच्या बाहेरच्या कातडीला काय लागलं, गरम की गार, मऊ की खरखरीत, एवढंच ती मेंदूला कळवते. एकही स्नायू तिच्या ताब्यात नाही. म्हणूनच ती दबली तरी पायातला जोर जात नाही, आणि म्हणूनच आपण महिनोन्महिने ‘होईल बरं’ म्हणत काढतो.

नाव एवढं अवघड कशाला?

ग्रीकमध्ये मेरॉस म्हणजे मांडी, अल्गॉस म्हणजे वेदना. हे नाव १८९५ मध्ये व्लादिमिर रॉथ या रशियन डॉक्टरांनी दिलं. त्यांना हा त्रास कमरेला पट्टा आवळून बांधणाऱ्या घोडेस्वारांत दिसला होता. जर्मनीत मार्टिन बर्नहार्ट यांनीही त्याच सुमारास याचं वर्णन केलं, त्यामुळे जुन्या पुस्तकांत दोघांच्या नावाने हा आजार सापडतो. मनोविश्लेषणवाले सिग्मंड फ्रॉइड यांनाही तो झाला होता आणि १८९५ मध्येच त्यांनी स्वतःच्या मांडीवर लेख लिहिला. मला हे कळल्यावर उगाच जरा बरं वाटलं.

हा आजार दुर्मीळ आहे का?

नाही, ओळखला कमी जातो. नेदरलँड्समधल्या फॅमिली डॉक्टरांच्या नोंदींवरून केलेल्या एका अभ्यासात वर्षाला दर १०,००० माणसांमागे सुमारे ४ नवे रुग्ण सापडले.

मी तर शिडशिडीत, रोज धावणारा. मला कसं होईल?

पुस्तकात पहिली कारणं सुटलेलं पोट, गरोदरपण, मधुमेह आणि घट्ट कपडे अशी असतात. ती वाचून आमच्यातला एक जण ‘म्हणजे मला नाही’ म्हणून मोकळा झाला होता. त्याच्या कमरेचा पट्टा बघितला आणि मी कपाळावर हात मारला.

धावणाऱ्याच्या कमरेवर काय काय असतं ते मोजा. टाइट्सचं रुंद इलॅस्टिक. त्याच्या आतली नाडी, ती वेगळी आवळलेली. त्यावर पाऊच, आणि तो उड्या मारू नये म्हणून आणखी दोन भोकं घट्ट. लांब पल्ल्याला पाण्याच्या बाटल्यांचा पट्टा. स्पर्धेच्या दिवशी नंबर लावायचा इलॅस्टिकचा पट्टा, तोही तिथेच. माझ्या पाऊचमध्ये मोबाइल, घराच्या किल्ल्या आणि धावताना खायच्या एनर्जी जेलच्या दोन पुड्या असायच्या. मोबाइल मी उजवीकडे सरकवून ठेवायचे, मध्ये पोटावर आपटतो म्हणून. फिजिओनी मला तो पाऊच बांधून यायला सांगितलं, वरून हात फिरवला आणि म्हणाल्या, ‘ताई, मोबाइलचा कोपरा कुठे बसतोय बघा.’ बरोब्बर त्या हाडाच्या टोकाच्या आतल्या अंगाला. दीड तास धावायचं म्हणजे हजारो पावलं, आणि दर पावलाला तिथे एक ठोसा.

शिवाय धावताना मागचा पाय जितका मागे जातो तितकी जांघेची पुढची बाजू ताणली जाते, आणि तिच्यासोबत ही नसही. वेग वाढवला की ताण वाढतो. नुसता ताण बहुतेकांना चालून जातो. वरून दाबही आला की नस कुरकुर करायला लागते.

पोलिसांचा साधनं लटकवलेला जाड पट्टा, सुताराचा किंवा इलेक्ट्रिशियनचा हत्यारांचा पट्टा, घट्ट जीन्स, यांनीही हेच होतं. खुब्याच्या किंवा पाठीच्या ऑपरेशननंतरही होतं, विशेषतः बराच वेळ पालथं झोपवून ऑपरेशन झालं असेल तर.

साडी नेसणाऱ्या बायकांना? करगोट्याने?

हे मला दोघींनी हळू आवाजात विचारलं, म्हणून मुद्दाम मोठ्याने लिहिते. परकराची नाडी ही काही सैल वस्तू नाही. सहावारीचा सगळा डोलारा तिच्यावर उभा असतो आणि दिवसभर तिचा वळ कमरेवर उमटलेला असतो. बहुतेक जणी ती हाडाच्या वर, कमरेच्या खळग्यात बांधतात, तिथे या नसेला फारसा धोका नाही. पण नाडी खाली सरकवून, नेमकी हाडाच्या टोकावर आवळून बांधायची सवय असेल तर संशय घ्यायला जागा आहे. नाडीऐवजी रुंद पट्टी असलेला परकर हा सोपा उपाय. करगोट्याचंही तसंच. पोट वाढलं आणि दोरा वर्षानुवर्षं तोच, तर बदला. देवाधर्माला काही होत नाही, सैल बांधलेलाही करगोटा करगोटाच असतो.

गरोदरपणात, विशेषतः शेवटच्या महिन्यांत, पोटाचा भार आणि पुढे झुकलेली कंबर यांमुळे हा त्रास होऊ शकतो. बाळंतपणानंतर तो बहुतेकदा आपोआप जातो. पण निदान प्रसूतीच्या डॉक्टरांनीच करावं, मावशीने नाही.

हे कमरेच्या हाडापाशीच आहे, पाठीतल्या मणक्यातून नाही, हे कसं ओळखायचं?

बॉलपेन घ्या. खरंच. धावून आल्यावर, त्रास होत असतानाच बसा. चांगल्या जागेकडून बधिर जागेकडे पेनची टोपी अलगद फिरवत या आणि स्पर्श बदलला की तिथे ठिपका द्या. सगळ्या बाजूंनी केलं की ठिपके जोडा आणि फोटो काढा. चारपाच दिवसांनी पुन्हा करा. डॉक्टरांना ‘इथे कुठेतरी’ असं हाताने दाखवण्यापेक्षा हा नकाशा दहा पट उपयोगी पडतो. माझा नकाशा लांबट आंब्यासारखा निघाला. खुब्याच्या चार बोटं खालून सुरू, गुडघ्याच्या वर संपलेला, आणि मांडीच्या आतल्या बाजूला अजिबात न गेलेला.

आता नकाशा कसा वाचायचा ते. कमरेच्या मणक्यांतली सगळ्यात जास्त वेळा दबणारी नस पाचवी. तिच्या मुंग्या कुल्ल्यापासून निघतात, पोटरीच्या बाहेरच्या बाजूने उतरतात आणि पावलावर, अंगठ्यापर्यंत जातात. त्याखालची दबली तर मागून टाचेकडे आणि करंगळीकडे. आपण सायटिका म्हणतो ती बहुधा ही दोन. तुमच्या मुंग्या गुडघा ओलांडून खाली जात असतील तर हा लेख तुमचा नाही.

तिसरी किंवा चौथी नस पाठीत दबली तर मात्र मांडीचा पुढचा भाग बधिर होतो, आणि फसगत होते ती इथेच. तेव्हा दुसरी खूण बघायची, ती म्हणजे ताकद. जिना चढताना गुडघा अचानक दुमडतो का? खुर्चीतून उठताना त्या पायावर भरवसा वाटत नाही का? गुडघ्यावर हातोडी मारल्यावर पाय उडतो, तो त्या बाजूला कमी उडतो का? (हातोडी डॉक्टरांनी मारायची.) यातलं काहीही असेल तर दुखणं फक्त कातडीच्या नसेचं नाही.

धावणाऱ्यांत आणखी दोन गोष्टींची गल्लत होते. खुब्याच्या बाजूच्या हाडावर दाबल्यावर दुखतं, त्या कुशीवर झोपवत नाही, पण स्पर्श नीट कळतो, तर ते तिथल्या स्नायूबंधांचं किंवा बर्साचं (हाडावरच्या गादीसारख्या छोट्या पिशवीचं) दुखणं. आणि जांघेत खोल दुखतं, पाय टेकवला की वाढतं, लंगडायला होतं, तर धावणं त्याच दिवशी बंद. मांडीच्या हाडाच्या मानेला ताणाने चीर गेलेली असू शकते. त्यात बधिरपणा नसतो. पण त्यावर धावत राहिलात तर हाड तुटून ऑपरेशनची वेळ येते.

आधी एमआरआय करून टाकू का?

मी केला. सांगते काय झालं ते.

पहिल्या दवाखान्यात मांडीला कुणी हातही लावला नाही. ‘मुंग्या येतात’ म्हटल्याबरोबर पाठीचा एमआरआय लिहून दिला. अहवालात आलं, चौथ्या-पाचव्या मणक्यामधली चकती थोडी बाहेर आली आहे. झालं. मला पट्टा मिळाला. हो, कमरेचा पट्टा! रुंद, वेल्क्रोचा, घट्ट आवळायचा. तो बांधून मी सहा आठवडे इमानदारीत फिरले आणि मांडी आणखी बधिर झाली.

दुसऱ्या डॉक्टरांनी अहवाल बाजूला ठेवला आणि पेनचा नकाशा बघितला. म्हणाले, त्या जागची चकती जी नस दाबेल तिचा इलाका पोटरी आणि पाऊल, तुमचं तर मांडीवर आहे; चित्रातला दोष आणि अंगातली तक्रार यांची गाठच पडत नाही. पाठीचं अजिबात दुखत नसलेल्या माणसांचे एमआरआय तपासले तर चाळिशीतल्या साधारण निम्म्या लोकांत फुगलेली चकती दिसते, पन्नाशीत आणखी जास्त. म्हणजे केस पिकण्यासारखंच. एमआरआय वाईट नाही, पण तो कशासाठी करतोय हे आधी ठरलेलं हवं. ताकद कमी असेल, पाठ दुखत असेल, खुणा जुळत नसतील किंवा उपाय करूनही काही हलत नसेल, तर करावाच.

डॉक्टर काय तपासतात? कोणाकडे जायचं?

आधी तुमच्या नेहमीच्या फॅमिली डॉक्टरांकडे. गरज पडली तर न्यूरॉलॉजिस्ट किंवा ऑर्थोपेडिक. निदान बहुतेकदा बोलून आणि हाताने तपासूनच होतं. पायाची ताकद, गुडघ्याची प्रतिक्रिया, कापूस आणि टाचणीने स्पर्श. हाडाच्या टोकाच्या आतल्या बाजूला बोटाने टकटक केल्यावर मांडीत झिणझिणी उठते का ते बघतात.

एक तपासणी मला फार आवडली. त्रास नसलेल्या कुशीवर झोपवतात, दुखरी बाजू वर. मग डॉक्टर दोन्ही हातांनी वरच्या कमरेच्या हाडावर खालच्या दिशेने दाब देतात आणि तसाच ४५ सेकंद ठेवतात. त्या दाबाने जांघेतला पट्टा सैलावतो आणि नसेला मोकळीक मिळते. माझ्या मांडीची आग विसाव्या-पंचविसाव्या सेकंदाला कुणी वात खाली करावी तशी मंदावली. हात काढले, पुन्हा सुरू. तीन महिने जे सापडत नव्हतं ते पाऊण मिनिटात सापडलं आणि खर्च फक्त तपासणीच्या फीचा.

नसेची विजेची तपासणी म्हणजे एनसीएस कधी कधी करतात, पण ही नस बारीक आणि जागा बदलणारी असल्यामुळे निकाल दरवेळी ठाम येत नाही.

रक्त तपासायचं का?

साखर तपासा, एचबीए१सी म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी साखरेसकट. मधुमेह्यांत हा आजार कितीतरी जास्त दिसतो, आणि कधी कधी मांडीच्या मुंग्यांनी साखरेची पहिली बातमी लागते. थायरॉइड आणि बी१२ही बघतात. पण शाकाहारी आहे म्हणजे बी१२ कमी, म्हणजेच मांडी बधिर, अशी उडी मारू नका. बी१२ कमी झाल्याचे किंवा साखरेचे नेहमीचे बधिरपण दोन्ही पायांच्या तळव्यांपासून सुरू होऊन वर चढतं. एकाच मांडीवर एकच ठिगळ हे त्याचं रूप नाही.

लगेच डॉक्टरकडे जावं असं काय काय असतं?

पुढचं काहीही असेल तर वाट बघू नका, त्याच दिवशी जा. बैठकीची जागा, म्हणजे सायकलच्या सीटवर टेकतो तेवढा भाग, बधिर होणं. लघवी अडणं किंवा न कळत होणं, शौचावरचा ताबा जाणं. दोन्ही पायांत एकदम बधिरपणा किंवा अशक्तपणा. ही पाठीच्या कण्याच्या तळाशी नसांचा जुडगा दबल्याची लक्षणं आहेत आणि तिथे तासांचा हिशोब असतो. मांडीबरोबर त्याच बाजूचा हात किंवा चेहरा बधिर झाला तर अँब्युलन्स, कारण तो पक्षाघात असू शकतो.

त्या मानाने थोडं कमी घाईचं, पण आठवड्याच्या आत: मांडी बारीक होत चालली असणं, रात्री झोपमोड करणारं दुखणं, कारण नसताना वजन उतरणं, ताप, किंवा पूर्वी कर्करोग झालेला असणं. आणि एका बाजूला आग होऊन दोनचार दिवसांत बारीक पाण्याचे फोड आले तर ती नागीण. तिथे मात्र आठवडाही थांबू नका, तिचं औषध फोड आल्यापासून पहिल्या तीन दिवसांत सुरू केलं तर जास्त उपयोगी पडतं.

बधिर जागेवर चट्टाही आहे. चालेल?

नाही चालणार. मेराल्जियात कातडीचा रंग बदलत नाही. फार तर सतत चोळून केस थोडे विरळ होतात. बधिर जागी फिकट किंवा लालसर चट्टा असेल, तिथे घाम येत नसेल, तर कुष्ठरोग नाही ना हे तपासून घ्या. हा शब्द ऐकून आपल्याकडे लोक अजून दचकतात. पण कुष्ठरोग गोळ्यांनी पूर्ण बरा होतो, औषध सरकारी आरोग्य केंद्रांत फुकट मिळतं, आणि लवकर सुरू केलं तर मागे काही व्यंग राहत नाही. धावणारा, सुशिक्षित, फ्लॅटमध्ये राहणारा म्हणून तो होत नाही असा काही नियम नाही.

उपाय काय? गोळी आहे का?

पहिला उपाय म्हणजे जे दाबतंय ते काढणं. पाऊच, पट्टा, घट्ट इलॅस्टिक, मागच्या-पुढच्या खिशातला मोबाइल, सगळं. पोट सुटलेलं असेल तर ते कमी करणं. पालथं झोपायची सवय असेल तर कुशीवर. फार वेळ एका जागी उभं राहावं लागत असेल तर एक पाय छोट्या पाटावर ठेवून उभं राहा, खुबा थोडा दुमडला की नस सैलावते. एवढ्यानेच बहुतेकांना काही आठवड्यांत ते काही महिन्यांत उतार पडतो.

आग फारच होत असेल तर डॉक्टर गॅबापेंटिन, प्रीगॅबालिन किंवा अ‍ॅमिट्रिप्टिलिनसारखी नसेची गोळी देतात. त्यांनी गुंगी येते, डोस हळूहळू वाढवायचा आणि हळूहळूच बंद करायचा असतो. शेजारच्या काकांकडे उरलेली पट्टी आहे म्हणून घ्यायची नाही. बी कॉम्प्लेक्सचंही तेच. रक्तात कमी असेल तर जरूर घ्या, पण ‘नसांची ताकद’ म्हणून महिनोन्महिने जास्त डोसच्या गोळ्या खाऊ नका. त्यातलं बी६ प्रमाणाबाहेर गेलं तर ते स्वतःच नसा बिघडवतं आणि मुंग्या आणतं.

मालिश, शेक, नस बसवून देणारे?

तेल चोळल्याने त्या वेळेपुरतं बरं वाटतं. पण दोष मांडीत नाहीच, वर आहे. ‘नस चढली आहे, बसवून देतो’ म्हणणाऱ्याने जांघेत अंगठा रोवून दाबलं तर आधीच चेपलेल्या नसेला आणखी चेपणं होईल. आमच्यातल्या एकाने हे करून घेतलं आणि आठवडाभर पँट घालता येईना.

शेकाबद्दल माझी कबुली. रबरी पिशवी ठेवली, गरम लागेना, म्हणून तशीच ठेवून टीव्ही बघत बसले. उठले तेव्हा रुपयाएवढा फोड. बधिर कातडीला भाजलेलं कळत नाही, हे मला मांडीवर पाणी ओतून आधीच माहीत झालं होतं, तरी. बर्फाचंही तसंच, कापडात गुंडाळून आणि घड्याळ लावून.

धावणं बंद करावं का?

पायात ताकद पूर्ण असेल आणि डॉक्टरांनी बाकी सगळं नाकारलं असेल, तर कायमचं बंद करायची गरज नसते. मी दोन आठवडे नुसती चालले, सैल चड्डी आणि मोकळी कंबर. मग दोन मिनिटं धाव, एक मिनिट चाल, असं सुरू केलं. पावलं आखूड ठेवली, वेगाची कसरत आणि चढण दोन्ही दीड महिना बाजूला. मापदंड एकच: धावून झाल्यावर तासाभरात मांडी सकाळी होती तशी व्हायला हवी. दुसऱ्या दिवशीही झोंबत असेल तर कालचं जास्त झालं.

जांघ ताणायचे लांब लंज (एक पाय पुढे टाकून गुडघ्यात वाकायचे व्यायाम) पहिल्या महिन्यात मी सोडून दिले, कारण त्या ताणात नसच ओढली जायची आणि आग पेटायची. नंतर फिजिओनी ते हळूहळू परत आणले. सायकल काहींना जमते, पण फार वाकून बसायची सायकल आणि घट्ट सायकलिंगची चड्डी म्हणजे पुन्हा तेच. त्या वर्षी साताऱ्याच्या हिल मॅरेथॉनची नोंदणी झालेली होती, यवतेश्वरच्या घाटात पुन्हा आग नको म्हणून ती सोडली. मुंबईची जानेवारीतली अर्धी मॅरेथॉन केली, नंबर सेफ्टी पिनांनी टी-शर्टला टाचून.

इंजेक्शन किंवा ऑपरेशन?

काही महिने सगळं करूनही रोजचं जगणं अवघड असेल तर सोनोग्राफीत बघत त्या नसेजवळ भूल आणि स्टिरॉइडचं इंजेक्शन देतात. भूल दिल्याबरोबर त्रास थांबला तर निदानही पक्कं होतं. मधुमेह असेल तर आधी सांगा, स्टिरॉइडने काही दिवस साखर वाढते. ऑपरेशन अगदी थोड्यांना लागतं. त्यात नस मोकळी करतात किंवा कापून टाकतात. कापली की आग जाते, पण तो भाग कायमचा बधिर राहतो.

पूर्ण बरं व्हायला किती दिवस?

माझी आग पाऊच सोडल्यावर तीन आठवड्यांत गेली. बधिरपणा रेंगाळला, आंब्याचा पेरू झाला, पेरूचं लिंबू. दोन महिन्यांत जवळजवळ संपला. आज मधोमध पाच रुपयांच्या नाण्याएवढी जागा अजून थोडी मठ्ठ आहे. धावताना तिची आठवणही होत नाही. जितके दिवस नस दबलेली राहते तितका वेळ परत यायला लागतो, आणि माझे सहा आठवडे त्या वेल्क्रोच्या पट्ट्याने खाल्ले.

मग आता मोबाइल कुठे ठेवता?

आधी दंडाला पट्टा लावून बघितला. तो घसरू नये म्हणून इतका आवळला की सहाव्या किलोमीटरला बोटांत मुंग्या. आता पाठीवर चिकटून बसणारी छोटी सॅक आहे, दोन्ही खांद्यांवर भार वाटणारी, आणि पाण्याची बाटलीही तिच्यातच. पाच किलोमीटरपेक्षा कमी असेल तर मोबाइल घरीच. किल्ली बुटाच्या लेसमध्ये ओवते.